एकाहत्तर दिवस : सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याचा प्रकरण अभ्यास

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात सोलापूरच्या अक्कलकोट रस्ता एमआयडीसीतील एका शेडमध्ये सोळा यंत्रमाग उभे होते आणि प्रत्येकावर अर्धा विणलेला टॉवेल ताणलेल्या अवस्थेत तसाच राहिला होता. टाळेबंदी २५ मार्चपासून लागू झाली, पण त्याआधीच कामगारांना घरी पाठवावे लागले होते. बीम, म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेले रूळ, उतरवून ठेवण्याइतकाही वेळ मिळाला नाही. या कारखान्याचे हिशोब आणि विवरणपत्रे मी बऱ्याच वर्षांपासून पाहतो. पुढील अडीच-तीन वर्षांत तिथे जे घडले ते मी आकड्यांतून आणि समोर बसून, दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. मालकांच्या संमतीने, नावे वगळून, ते येथे नोंदवत आहे.

कारखाना दोन भावांचा आहे. घरात तेलुगू आणि व्यवहारात मराठी बोलणाऱ्या, तेलंगणातून विणकामासाठी येथे आलेल्या असंख्य कुटुंबांपैकी हे एक. सोलापुरात कापड गिरण्यांचे युग १८७० च्या दशकात सुरू झाले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ संपले. या भावांचे वडील एका गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे मुकादम, होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी दोन जुने माग घेऊन घराच्या मागच्या खोलीत बसवले, आणि तिथून हा कारखाना वाढला. म्हणजे धंदा बुडण्याचा अनुभव या घराला नवीन नव्हता. तरीही २०२० चे संकट वेगळे होते, कारण गिरणी बंद पडली तेव्हा निदान बाजार उघडा होता.

धंद्याची रचना अशी होती. सोळांपैकी दहा माग जॉबवर्कवर चालत. निर्यात करणारा एक व्यापारी सूत देई आणि नगावर मजुरी देई. उरलेल्या सहा मागांवर स्वतःच्या सुताचे टॉवेल विणले जात आणि राज्यातल्या नऊ व्यापाऱ्यांना साठ ते नव्वद दिवसांच्या उधारीवर जात. त्यांतला मोठा हिस्सा पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट येथील लॉज आणि भक्तनिवासांच्या गरजेवर अवलंबून होता. टाळेबंदीनंतर पंधरा दिवसांत निर्यातीची मागणी रद्द झाली, देवस्थाने बंद झाली आणि त्या वर्षी आषाढीच्या पालख्यासुद्धा पायी न निघता एसटी बसने पंढरपूरला गेल्या. एकाच वेळी दोन्ही दारे बंद होण्याचा असा प्रसंग वडिलांच्या काळातही आलेला नव्हता.

एप्रिलमध्ये दोन्ही भावांशी माझे फोनवर बोलणे झाले आणि ते दोघे अगदी उलट दिशांनी विचार करत होते. थोरल्यांचे म्हणणे होते की आता माग भंगारात घालून कर्ज फेडून टाकावे आणि अब्रू वाचवावी. धाकट्यांचे म्हणणे होते की सगळे थांबलेले असताना जो पुढे जाईल तोच टिकेल, म्हणून आणखी कर्ज काढून आधुनिक, धोट्याशिवाय वेगाने चालणारे रॅपिअर माग घ्यावेत. त्या वेळी आसपास सगळीकडे 'संकटात संधी असते' हे वाक्य फिरत होते आणि धाकट्यांच्या उत्साहात त्याचा वाटा होता. मला दोन्ही मते सारखीच काळजीची वाटली. थोरल्यांची निराशा आणि धाकट्यांची उमेद, दोन्ही अंदाजावर उभी होती. हातात नेमके किती पैसे आहेत आणि ते किती दिवस पुरतील, हे दोघांपैकी एकालाही सांगता येत नव्हते.

म्हणून पहिले काम वही उघडण्याचे झाले. बँकेत आणि हातात मिळून २,१०,००० रुपये होते. व्यापाऱ्यांकडून ११,४०,००० येणे होते, पण त्या क्षणी ते शून्य धरायचे असे ठरले. सूत व्यापाऱ्याचे ४,८०,००० देणे होते. तयार टॉवेल २,६०० नग होते. तेही हिशोबात धरले नाहीत. दरमहा टाळता न येणारा खर्च असा निघाला : विजेचा स्थिर आकार ११,०००, दोन्ही घरांचा खर्च ३५,०००, चौदा कामगारांना प्रत्येकी ३,००० म्हणजे ४२,०००, आणि बँकेचा हप्ता व व्याज ४२,०००. एकूण १,३०,०००. या वेगाने पैसे अठ्ठेचाळीस दिवसांत संपले असते.

रिझर्व्ह बँकेने १ मार्चपासून कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली होती आणि ती नंतर ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. त्या काळाचे व्याज माफ नव्हते, ते मुद्दलात मिळणार होते, आणि हे मी दोघांना स्पष्ट सांगितले. तरीही मुभा घ्यायची ठरली, कारण हप्ता वगळल्यास महिन्याचा खर्च ८८,००० वर येत होता आणि अठ्ठेचाळीस दिवसांचे एकाहत्तर दिवस होत होते. ते तेवीस दिवस व्याज देऊन विकत घेतलेले होते आणि माझ्या मते ती या प्रकरणातली सर्वांत स्वस्त खरेदी होती.

कामगारांना द्यायच्या ४२,००० रुपयांवर घरात वाद झाला. ते काढून टाकले असते तर दिवस जवळजवळ दुप्पट झाले असते. थोरल्यांनी, जे माग विकायला निघाले होते त्यांनीच, ती रक्कम कमी करण्यास नकार दिला आणि ती उचल म्हणून नव्हे, परत न मागण्याच्या बोलीवर द्यायला लावली. जॉबर, कांड्या भरणाऱ्या बाया, विणकर ही माणसे एकदा पांगली की पुन्हा जमत नाहीत, हे त्यांनी वडिलांच्या गिरणीत पाहिले होते.

धाकट्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज उरलेल्या दिवसांचा आकडा लिहायला सुरुवात केली. एकाहत्तर, सत्तर, एकोणसत्तर. कुठून थोडी वसुली झाली की आकडा वर जाई. थोरल्यांच्या पत्नीने मला नंतर सांगितले, "भाऊ, तो आकडा लिहायला लागल्यापासून यांना रात्रीची झोप यायला लागली." आकडा काही दिलासा देणारा नव्हता. पण भीतीला मोजमाप मिळाले होते आणि उद्या सकाळी काय करायचे हे ठरवण्याइतकी जागा मनात मोकळी झाली होती. आर्थिक अनिश्चिततेत मन खंबीर ठेवण्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र याच गोष्टीचे मोल सर्वांत जास्त वाटते.

संधीचा पहिला शोध फसला. जूनमध्ये बंधने थोडी सैल होताच शहरातल्या अनेक शिलाई कारखान्यांप्रमाणे यांनीही मास्क शिवायचे ठरवले. ४८,००० रुपयांचे कापड आणि इलॅस्टिक आणले, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायांकडून नऊ हजार मास्क शिवून घेतले. माल बाजारात आला तोवर प्रत्येक चौकात मास्क टांगलेले होते आणि भाव रोज उतरत होता. जुलैमध्ये शहरात पुन्हा दहा दिवसांची कडक टाळेबंदी आली. शेवटी ३,८०० मास्क विकले गेले, २९,००० रुपये हाती आले आणि बाकीचे वाटून टाकले. शिलाईची मजुरी सोडूनही एकोणीस हजारांचा तोटा झाला. त्या दिवसांत एकोणीस हजार म्हणजे कॅलेंडरवरचे सहा दिवस. कारण उघड होते : मास्क शिवण्यात या कारखान्याचे असे काही कौशल्य नव्हते. ज्याच्याकडे शिलाईयंत्र होते तो प्रत्येकजण ते करू शकत होता आणि करत होता.

वसुलीची बाजू थोरल्यांनी हाती घेतली. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार अशा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. मी नोटिसांचे मसुदे तयार ठेवले होते. थोरल्यांनी ते बाजूला ठेवून नऊही व्यापाऱ्यांना रोज एक याप्रमाणे फोन केला, आधी घरच्यांची चौकशी केली आणि मग विचारले, "शेठ, सगळे नका देऊ, या आठवड्यात किती जमेल तेवढे सांगा." दिवाळीपर्यंत ७,६५,००० रुपये आले. नोटीस एकालाच पाठवावी लागली. शेवटी १,६०,००० बुडीत धरावे लागले.

सरकारने मे २०२० मध्ये जाहीर केलेल्या आपत्कालीन पतहमी योजनेतून २९ फेब्रुवारीला फेडायच्या बाकी असलेल्या कर्जाच्या वीस टक्के इतके जादा कर्ज तारणाशिवाय मिळत होते. यांचे कर्ज १४ लाख होते, म्हणून २,८०,००० मंजूर झाले. धाकट्यांच्या मनात अजून रॅपिअर माग होता. पुष्कळ चर्चेनंतर ती सगळी रक्कम सूत व्यापाऱ्याच्या देण्यात भरली गेली. बाहेरून पाहणाऱ्याला ही भित्री चाल वाटेल. परंतु त्या बाजारात सूत व्यापाऱ्याचा विश्वास हेच खरे भांडवल असते, आणि पुढे सूत दुर्मीळ झाले तेव्हा ज्यांना ते आधी मिळाले त्यांत हे होते.

खरी वाट सापडली ती नोव्हेंबरअखेर, तुळशीच्या लग्नानंतर. बार्शीकडच्या एका कुटुंबाने ओळखीतून फोन केला. मुलीचे लग्न होते, पाहुण्यांवर पन्नासची मर्यादा होती आणि ज्या भावकीला बोलावता येत नव्हते त्यांचा मान राखायचा होता. आपल्याकडे लग्नात, वास्तुशांतीत, गावच्या सत्कारात टॉवेल-टोपी देण्याची रीत आहे. त्यांना १२० टॉवेल हवे होते आणि काठावर वधूवरांची नावे व तारीख विणून मिळेल का, असे त्यांनी विचारले. छापलेले नको, विणलेलेच हवे होते. इतकी लहान मागणी मोठे कारखाने घेत नाहीत, म्हणून ते विचारत विचारत इथवर आले होते. एरवी यांनीही ती घेतली नसती.

काठाची नक्षी जेकॉर्ड या मागावर बसवलेल्या यंत्रणेत भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी, म्हणजे कार्डांनी, विणली जाते. कार्ड पाडणारे एक वृद्ध कारागीर काम कमी झाल्याने घरी बसले होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. धाकट्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी संगणकावर चौकटी आखून अक्षरे काढू लागली. पहिल्या नमुन्यात अक्षरे तुटली. इंग्रजी कॅपिटल अक्षर एका उंचीत बसते. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांसाठी जागा लागते आणि जुन्या नक्षीची पट्टी तेवढी उंच नव्हती. मामांनी नमुना हातात घेऊन सांगितले, "मालक, वर चार ओळी वाढवा, नाहीतर 'शिंदे' विणायला घ्याल आणि 'शदे' वाचतील." पट्टी उंच केली, आडनाव ठीक उमटले. ते कौशल्य कारखान्यात तीस वर्षे होते आणि त्याची किंमत कोणी मोजलेली नव्हती.

१२० नगांच्या या पहिल्या मागणीत नफा झाला नाही. नमुने आणि माग थांबल्याचा वेळ यांनी तो खाल्ला. पण गणित दिसू लागले. साधा टॉवेल व्यापाऱ्याला १२८ रुपयांना जाई आणि खर्च वजा जाता चौदा रुपये उरत, तेही तीन महिन्यांनी. नावाचा टॉवेल १९० ला गेला; जादा रंगीत सूत, कार्ड, वेष्टन यांचे बावीस रुपये धरले तरी पन्नासच्या वर उरत होते, आणि निम्मे पैसे आगाऊ, उरलेले पार्सल निघण्यापूर्वी. अडचण माग थांबण्याची होती. एक माग एका पाळीत पंचवीसच्या आसपास टॉवेल देतो. नक्षी बदलायला तीन तास गेले तर सहा-सात टॉवेल गेले. त्यावर उपाय असा निघाला की काठाचे तीनच रंग ठेवायचे, एका रंगाच्या मागण्या एका बीमवर एकामागून एक लावायच्या आणि मध्ये फक्त कार्डांची साखळी बदलायची. साठ नगांखाली मागणी घ्यायची नाही आणि नक्षीचे सहाशे रुपये वेगळे घ्यायचे.

मार्च २०२१ पर्यंत सातच मागण्या आल्या. एप्रिलमध्ये लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी आणखी कडक मर्यादा आली, आणि जी मर्यादा मंगल कार्यालयांना बुडवत होती तीच या कामाला वाढवत गेली. मला हे लिहिताना बरे वाटत नाही, कारण कोरोनाच्या त्या लाटेत या घरातलेही एक जवळचे माणूस गेले. तरी जे घडले ते असे की २०२१-२२ मध्ये ९६ मागण्या आणि नावाचे ८,६०० टॉवेल झाले. जॉबवर्क वगळून स्वतःच्या मालात ते नगांच्या पाचव्या हिश्शाहून कमी होते, पण नफ्यात निम्म्याहून जास्त. पुढे लग्ने पुन्हा मोठी झाली तेव्हा हे काम थांबेल अशी मला शंका होती. ते थांबले नाही. निवृत्ती, गृहप्रवेश, सरपंचांचे सत्कार अशा मागण्या येत राहिल्या, कारण घरोघरी पोहोचलेला प्रत्येक टॉवेल स्वतःच जाहिरात करत होता.

सुताच्या भावाने मात्र याच काळात दुसरा धडा दिला आणि तो महाग पडला. २०२० च्या मध्यास कापूस खंडीला, म्हणजे ३५६ किलोला, चाळीस हजारांच्या आत होता. मे २०२२ मध्ये तो एक लाखाच्या वर गेला. जगात मागणी एकदम परतली होती. चीनमधील शिनजियांगच्या कापसावर अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये बंदी घातल्याने खरेदीदार भारताकडे वळले. त्यात फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पापासून आयात कापसावर सुमारे अकरा टक्के शुल्क लागले, जे एप्रिल २०२२ मध्ये तात्पुरते काढावे लागले. विणकराला यातले काहीच ठरवता येत नाही. त्याच्या हातात फक्त त्याने दिलेला शब्द असतो.

असा एक शब्द धाकट्यांनी डिसेंबर २०२० मध्ये दिला होता : ३,००० साधे टॉवेल, चार महिन्यांत, १२८ रुपयांनीच. पहिल्या हजार नगांचे सूत जुन्या भावाने घेतलेले होते. उरलेल्या दोन हजारांसाठी किलोमागे साठ रुपये जास्त मोजावे लागले. टॉवेलला तूट धरून साडेचारशे ग्रॅम सूत लागते, म्हणजे नगामागे सत्तावीस रुपये वाढले. चौदाच्या नफ्याऐवजी तेरा रुपयांचा तोटा. एकूण मागणीत बारा हजार गेले. थोरल्यांनी माल ठरल्या भावाने पूर्ण केला. त्यानंतर या कारखान्याचा भाव आठ दिवसांच्या वर कधीही बांधलेला नाही, आणि मागणी पक्की होते त्याच दिवशी तिचे सूत आगाऊ रकमेतून घेतले जाते. भाव वाढेल म्हणून सूत साठवण्याचा मोहही तेव्हा झाला होता. धाकटे त्या बाजूचे होते. ते न करण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, कारण लाखाच्या वर गेलेला कापूस त्याच वर्षाच्या उत्तरार्धात घसरला आणि साठा करून बसलेल्यांची अवस्था मी इतरांच्या वह्यांत पाहिली.

या प्रकरणाची जमेची बाजू सांगताना उणे बाजू झाकणे योग्य नाही. चौदा कामगारांपैकी तीन परतले नाहीत. महिन्याला तीन हजारांवर कुटुंब चालत नाही हे खरे आहे, आणि त्यांतला एक विणकर आता भाजीची गाडी लावतो. त्याचा हात उत्तम होता. कारखान्याची उलाढाल २०२२-२३ मध्येही २०१९-२० च्या पातळीवर पोहोचली नव्हती. पाच जुने माग २०२२ मध्ये भंगारात गेले. थोरल्यांची दोन वर्षांपूर्वीची सूचना अशी अंशतः अमलात आली, पण लोखंडाचा भाव चढा असताना आणि कोणते पाच विकायचे हे पाहून. टाळेबंदीत घाईने विकले असते तर नावाचे टॉवेल ज्या मागांवर विणले गेले तेच आधी गेले असते, कारण ते सर्वांत जुने होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयात शुल्क वाढवत नेले आणि २७ तारखेपासून ते पन्नास टक्के झाले. सोलापुरी टॉवेलच्या निर्यातीवर याचा काय परिणाम होईल याची चर्चा शहरभर होती. यांचे पाच माग अजून त्याच निर्यातदाराच्या जॉबवर्कवर होते. मी त्या आठवड्यात विवरणपत्राच्या कामासाठी गेलो तेव्हा ऑफिसातल्या कॅलेंडरवर निळ्या पेनाने १५८ हा आकडा लिहिलेला होता. धाकटे निर्यातदाराशी फोनवर बोलत होते. किती माल विणून तयार आहे, किती सूत अजून कोनवर आहे, हे विचारून शेजारच्या कागदावर टिपत होते. थोरल्यांनी मला बसायला सांगितले, चहा मागवला आणि मार्गशीर्षातल्या लग्नांच्या मागण्यांची यादी पुढे सरकवली. ज्यांची आगाऊ रक्कम आलेली नाही अशा चार नावांवर त्यांनी पेन्सिलीने खूण केली होती, आणि त्या चौघांना त्याच संध्याकाळी फोन करायचा होता.